पाऊस तेवढाच, मग पूर का?

माघ-फाल्गुनात वसमतच्या शिवारात पहाटेपासून हळदीचे कुकर पेटतात. खाली लाकूडफाटा, वर पाण्याची टाकी, आणि तिथून पाइपातून हळदीच्या ढोलात सोडलेली वाफ. झाकण उघडले की पांढरा लोट उठतो आणि वास अर्ध्या गावात पसरतो. त्या लोटाला आपण वाफ म्हणतो, पण ती वाफ नव्हे. डोळ्यांना दिसतात ते वाफ थंड होऊन बनलेले पाण्याचे बारीक थेंब. खरी वाफ दिसतच नाही. पाइपाच्या तोंडापासून पहिली दोन-तीन बोटे जागा रिकामी भासते ना, तिथे ती असते. बोट घालून पाहू नये.

ही न दिसणारी वाफ आणि कुकरखालच्या जाळातून निघणारा तितकाच अदृश्य कार्बन डायऑक्साइड, या दोघांनी मिळून हिंगोली जिल्ह्याच्या पावसाचे तंत्र बदलायला घेतले आहे. जुलै २०२२मध्ये वसमत तालुक्यातले कुरुंदा गाव पाण्यात गेले. पुढच्याच वर्षी देशाने १९०१पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट पाहिला आणि मराठवाड्यात उभी पिके माना टाकू लागली. सप्टेंबर २०२४च्या पहिल्या दोन दिवसांत हिंगोली, परभणी, नांदेडमध्ये असा पाऊस झाला की ऐन पोळ्याच्या सणाला बैल सजवायचे की गोठ्यातून बाहेर काढायचे असा प्रश्न पडला. २०२५च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये मराठवाड्यात पुन्हा अतिवृष्टी आणि पुन्हा पंचनामे. चार खरिपांत एक ओला तडाखा, एक कोरडा खंड आणि पुन्हा दोन ओले तडाखे.

पारावर या सगळ्यावर दोन मते ऐकू येतात. एक म्हणते, ‘एवढा पाऊस पडतोय, कसली आलीय तापमानवाढ?’ दुसरे म्हणते, ‘पूर आधी येत नव्हते का?’ दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पण त्यांची उत्तरे ‘हवामान बदल’ हे शब्द पुन्हा पुन्हा उच्चारून मिळत नाहीत. हे यंत्र चालते कसे ते पाहावे लागते.

वाकळ उष्णता तयार करत नाही

हरभऱ्याला पाणी देणाऱ्या कोणालाही विचारा. डिसेंबरात आभाळ निरभ्र असले की रात्री कडाक्याची थंडी पडते; ढग आले की थंडी पळते. ढगांनी शेकोटी पेटवलेली नसते. दिवसभर तापलेली जमीन रात्री अवरक्त किरणांच्या रूपात उष्णता बाहेर टाकते. निरभ्र रात्री त्यातली बरीच उष्णता सरळ आकाशात निघून जाते. ढग असले तर ते ती शोषतात आणि काही भाग पुन्हा खाली पाठवतात. हरितगृह परिणाम समजायला याहून सोपा प्रयोग नाही, आणि तो आपल्या शेतात दर हिवाळ्यात होतो.

ढग नसतानाही हवेत अशी पांघरुणे असतातच. बाष्प, कार्बन डायऑक्साइड, मिथेन, नायट्रस ऑक्साइड. हवेचा ९९ टक्के भाग नायट्रोजन आणि ऑक्सिजनचा, पण त्यांच्या रेणूंत एकाच जातीचे दोन अणू असतात आणि अवरक्त किरणांना ते जवळजवळ अडवत नाहीत. तीन किंवा जास्त अणूंचे रेणू त्या किरणांच्या तालावर वाकतात, थरथरतात आणि ऊर्जा पकडतात. ही पांघरुणे नसती, तर पृथ्वीचे सरासरी तापमान उणे १८ अंश सेल्सिअसच्या आसपास राहिले असते. प्रत्यक्षात ते अधिक १५च्या जवळ आहे. म्हणजे हरितगृह परिणाम मुळात वाईट नाही. त्याच्यावाचून कायाधू बारमाही बर्फाची असती. तक्रार आहे ती वाकळीवर वाकळ चढवण्याबद्दल.

हे ज्ञान कालपरवाचे नाही. १८५६मध्ये अमेरिकेत युनिस फूट या बाईंनी काचेच्या नळ्यांत वेगवेगळे वायू भरून त्या उन्हात ठेवल्या. कार्बन डायऑक्साइडची नळी सर्वांत जास्त तापली आणि निवायलाही सर्वांत जास्त वेळ लागला. हा वायू हवेत जास्त असेल तर पृथ्वी जास्त तापेल, असे त्यांनी तेव्हाच नोंदवले. आपल्याकडे सत्तावन्नचा उठाव व्हायला वर्ष बाकी होते आणि हिंगोली निजामाच्या राज्यातली लष्करी छावणी होती. तीन वर्षांनी लंडनमध्ये जॉन टिंडल यांनी नेमके मोजमाप केले. १८९६मध्ये स्वीडनच्या स्वान्ते अरेनियस यांनी कागद-पेन्सिल घेऊन, कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर पृथ्वी किती तापेल, याचे गणित मांडले. त्यांचे उत्तर आजच्या अंदाजापेक्षा जास्त आले, पण दिशा बरोबर होती. चूक झाली ती दुसरीकडे. एवढा कोळसा जाळायला माणसाला हजारो वर्षे लागतील, असे त्यांना वाटले होते.

१९५८पासून हवाई बेटांवरच्या मौना लोआ या डोंगरावर हवेतल्या कार्बन डायऑक्साइडची सलग मोजणी सुरू आहे. चार्ल्स कीलिंग यांनी ती सुरू केली तेव्हा दर दहा लाख रेणूंमागे ३१५ रेणू या वायूचे होते. २०२४ची सरासरी ४२४च्या घरात गेली. कारखानदारी सुरू होण्यापूर्वी हा आकडा सुमारे २८० होता. अंटार्क्टिकाच्या बर्फात अडकलेले हवेचे बुडबुडे तपासले, तर गेल्या आठ लाख वर्षांत तो ३००च्या फारसा पुढे गेल्याचे दिसत नाही.

दहा लाखांत सव्वाचारशे म्हणजे किती, असे कुणी हसून म्हणते. आपल्याच जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगोची प्रयोगशाळा उभी राहते आहे. चार किलोमीटर लांबीच्या नळ्यांत प्रोटॉनपेक्षाही लहान फरक मोजायचा तिचा मनसुबा आहे. लहान आकडा म्हणजे लहान परिणाम, हे निदान हिंगोलीकरांनी तरी म्हणू नये.

त्याहून चांगला एक आक्षेप आहे आणि तो शास्त्रज्ञांनीच विसाव्या शतकाच्या सुरुवातीला घेतला होता. हवेत आधीच असलेला कार्बन डायऑक्साइड त्याच्या वाट्याचे किरण पूर्ण शोषून घेतो. मग आणखी घालून फरक काय पडणार? खिडकीला काळा रंग एकदा दिला की दुसऱ्या हाताने अंधार वाढत नाही, तसे. उत्तर सापडायला काही दशके गेली. हवा म्हणजे एकच काच नव्हे, एकावर एक थर आहेत. उष्णता एका थरातून दुसऱ्यात झिरपत वर जाते आणि जिथे हवा पुरेशी विरळ होते तिथून अवकाशात सुटते. वायू वाढला की ही सुटकेची जागा आणखी उंच सरकते. उंचावर हवा थंड असते, आणि थंड वस्तू कमी उष्णता बाहेर टाकते. आत येणारे ऊन तेवढेच, बाहेर जाणारी उष्णता कमी. शिल्लक राहते ती खाली साचते आणि जमा-खर्चाचा मेळ पुन्हा बसेपर्यंत खालचे थर तापत जातात. म्हणूनच जमिनीजवळची हवा तापत असताना वरचा स्थितांबर मात्र थंड होत चालला आहे. सूर्य तापल्यामुळे हे घडत असते तर वरचा थरही तापला असता.

हळदीचा जाळ आणि चंद्रपूरचा कोळसा

मग हळद शिजवणारा शेतकरीही गुन्हेगार का? इथे एक फरक समजून घ्यायला हवा. बाभळीच्या लाकडातला कार्बन त्या झाडाने गेल्या दहा-वीस वर्षांत याच हवेतून घेतलेला असतो. जाळला की तो परत जातो. जागी दुसरे झाड वाढले तर हिशेब मिटतो. झाड तोडून जागा उजाड ठेवली तर मिटत नाही, हे वेगळे. धुराचा त्रास फुप्फुसांना होतो तो तर होतोच.

चंद्रपूर-वणीच्या खाणींतला कोळसा मात्र पंचवीस कोटी वर्षांहून जुना आहे. जमिनीखाली कुलूपबंद असलेले ते भांडवल आपण दोन शतकांत बाहेर काढून उधळतो आहोत. हा जुना कार्बन हवेत ओळखूही येतो. सजीवांत कार्बन-१४ हा किरणोत्सारी प्रकार थोडा असतो आणि तो हजारो वर्षांत झिजून संपत जातो. कोळसा-तेलात तो उरलेलाच नसतो. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमध्ये कार्बन-१४चे प्रमाण जीवाश्म इंधनामुळे पातळ होत असल्याचे १९५०च्या दशकातच दिसून आले होते. वाढलेला वायू ज्वालामुखीचा की माणसाचा, या वादाचा निकाल लावणाऱ्या पुराव्यांपैकी हा एक.

एक लिटर डिझेल जाळले की सुमारे २.६ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. पाऊण-एक किलोच्या डिझेलमधून अडीच किलो वायू कसा, हा प्रश्न शाळेतली मुले हमखास विचारतात. उत्तर वजनात आहे. कार्बनच्या १२ भागांना हवेतल्या ऑक्सिजनचे ३२ भाग येऊन चिकटतात. कोळशावर तयार झालेल्या एक युनिट विजेमागे साधारण एक किलो. हा वायू लवकर विरत नाही. समुद्र आणि झाडे मिळून निम्म्याच्या आसपास उचलतात. उरलेल्यातला बराचसा शतकानुशतके हवेत राहतो.

या साऱ्याचा परिणाम म्हणून जागतिक हवामान संघटनेच्या हिशेबाने २०२४ हे वर्ष १८५०-१९०० या काळाच्या सरासरीपेक्षा सुमारे १.५५ अंशांनी उष्ण होते. मोजणी सुरू झाल्यापासूनचे सर्वांत उष्ण वर्ष. भारताच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या २०२०च्या अहवालानुसार १९०१ ते २०१८ या काळात देशाचे सरासरी तापमान ०.७ अंशांनी वाढले. जगापेक्षा कमी, कारण जमिनीपेक्षा वेगळी अशी दोन झाकणे आपल्या डोक्यावर आहेत: धूर-धुळीचे कण ऊन परतवतात आणि सिंचनाने हवा थोडी गार राहते. पण त्याच अहवालात उष्ण कटिबंधातल्या हिंदी महासागराचा पृष्ठभाग १९५१ ते २०१५ दरम्यान सुमारे १ अंशाने तापल्याचे म्हटले आहे. आपल्या पावसाच्या गोष्टीत खरी कळ इथे दाबली जाते.

हवेची तहान

हळदीच्या वाफेकडे परत येऊ. ३० अंश तापमानाच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे ३० ग्रॅम बाष्प मावते. ३१ अंशांना ३२ ग्रॅमच्या आसपास. म्हणजे दर अंशामागे ६ ते ७ टक्के वाढ. पाहायला किरकोळ. पण हे बाष्प स्वतःही हरितगृह वायू आहे, म्हणून कार्बन डायऑक्साइडने केलेली सुरुवात ते जवळपास दुपटीने वाढवते. शिवाय बाष्पाचे पाणी होताना लपलेली उष्णता बाहेर पडते आणि ढग आणखी जोराने वर चढतो. वाफेने हात पोळतो तो याच उष्णतेने. पंधरा किलोमीटर उंचीच्या पावसाळी ढगाचे इंजिन त्यावरच चालते.

आता यातली खोच पाहा. हवेत बाष्प ७ टक्क्यांनी वाढले तरी जगातला एकूण पाऊस दर अंशामागे २ ते ३ टक्केच वाढतो, कारण पाऊस पडायला नुसते बाष्प पुरत नाही; ढगात सुटलेली उष्णता बाहेर फेकली जावी लागते आणि त्या वेगाला मर्यादा आहे. मग होते काय? हवा भरायला जास्त वेळ घेते आणि रिती होते तेव्हा एकदम होते. मोठे मडके भरायला वेळ लागतो, लवंडले की जास्त सांडते. दोन सरींमधला खंड लांबतो, सर जोराची येते. खंडाच्या काळात तीच तहानलेली हवा जमिनीतली ओल भराभर ओढून घेते. पूर आणि दुष्काळ ही एकमेकांची खंडने नाहीत. एकाच यंत्राची ती दोन टोके आहेत. पारावरच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर हे.

हे नुसते तर्कशास्त्र नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतले बी. एन. गोस्वामी आणि सहकाऱ्यांनी २००६मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात दाखवले की, १९५१ ते २००० या काळात मध्य भारतात जोरदार पावसाच्या घटना वाढल्या आणि मध्यम पावसाच्या कमी झाल्या. एकूण पाऊस मात्र फारसा हलला नाही. म्हणजे सरासरी पाहणाऱ्याला काहीच बदललेले दिसले नसते. त्याच संस्थेच्या रॉक्सी मॅथ्यू कोल यांच्या गटाने २०१७मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये १९५०पासूनच्या नोंदी तपासल्या. मोठ्या क्षेत्रावर दिवसाला १५० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडण्याच्या घटना मध्य भारतात तिपटीने वाढल्याचे त्यांना आढळले. त्यांचा रोख अरबी समुद्राकडे होता. तापलेल्या समुद्रावरून येणारे मोसमी वारे जास्त चढउतार दाखवतात आणि मधूनच बाष्पाचा लोंढा आत ढकलतात.

हिंगोली जिल्ह्याची पावसाची सरासरी आठशे मिलिमीटरच्या आसपास. मराठवाड्यात ती चांगली म्हणावी अशी. पण ६५ मिलिमीटर पाऊस एका एकरावर पडला की अडीच लाख लिटरहून जास्त पाणी होते. दहा हजार लिटरचे २६ टँकर. हे २६ टँकर आठवडाभरात रिकामे झाले तर काळी माती ते पिते. दोन तासांत ओतले तर नाही. काळ्या जमिनीला कोरडेपणी भेगा असतात तोवर पाणी आत जाते. एकदा फुगून भेगा मिटल्या की मुरण्याचा वेग अगदी मंदावतो. उरलेले पाणी मातीचा वरचा, कसदार पापुद्रा घेऊन ओढ्याला लागते.

दुसऱ्या प्रश्नाकडे येतो: पूर आधी येत नव्हते का? येत होते. कुठल्याही एका पुरावर ‘हा तापमानवाढीचा’ असे लेबल लावता येत नाही. पत्त्यांच्या कटात दोन जादा एक्के घातले, तर एखाद्या डावात आलेला एक्का मूळचा की घातलेला हे सांगता येणार नाही. पण एक्के वारंवार येऊ लागले हे खेळणाऱ्याला कळतेच. शिवाय पाणी गावात शिरायला पाऊस एकटा जबाबदार नसतो. बुजलेले ओढे, गाळाने भरलेली पात्रे, नळकांडी पुलाच्या अरुंद मोऱ्या, पात्रात सरकलेली बांधकामे यांचाही वाटा असतो. सगळा दोष आभाळावर ढकलणे नगरपालिका आणि ग्रामपंचायतींना सोयीचे असते, म्हणून हे मुद्दाम नोंदवतो. उलट हेही खरे की, जुन्या पावसाच्या हिशेबाने बांधलेली मोरी नव्या पावसाला अपुरीच पडणार.

गारपिटीचे मात्र वेगळे आहे. फेब्रुवारी-मार्च २०१४ची गारपीट मराठवाडा विसरलेला नाही, आणि हळद वाळत घातलेली असताना अवकाळी पावसाची भीती दरवर्षी असतेच. पण गारा वाढल्या का आणि तापमानवाढीशी त्यांचे नाते काय, याबाबत विज्ञान अतिवृष्टीइतके ठाम नाही. जिथे पुरावा पक्का आहे तिथेच तो पक्का म्हणावा.

शेत आणि शरीर

वसमत हळदीला २०२४मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. नऊ महिन्यांचे हे पीक मे-जूनमध्ये लावायचे आणि माघ-फाल्गुनात काढायचे, म्हणजे उन्हाळ्याचे टोक, पूर्ण पावसाळा आणि हिवाळा तिन्ही त्याला सोसावे लागतात. हळदीला पाणी हवे पण साचलेले नको. गड्ड्याभोवती दोन-चार दिवस पाणी उभे राहिले की मुळांना हवा मिळत नाही, बुरशी शिरते आणि कंदकूज सुरू होते. वरून पाला पिवळा दिसेपर्यंत आत गड्डा मऊ झालेला असतो. सोयाबीनचे दुखणे निराळे. फुलोऱ्यात खंड पडला की फुले गळतात. काढणीला पाऊस लागला की शेंगेतच कोंब फुटतात. दोन्ही पिकांच्या बाबतीत शेतकरी एकच वाक्य बोलतो, ‘वाफसाच येईना.’

या परिस्थितीत करता येण्यासारखे जे आहे त्यातले बरेच जुनेच आहे. रुंद वरंबा-सरीवर सोयाबीन आणि गादीवाफ्यावर हळद घेतली की जादा पाणी सरीतून निघून जाते आणि खंडात तीच सरी ओल धरते. परभणीचे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ ही शिफारस करत आले आहे, आणि २०१८पासून राबवल्या जाणाऱ्या ‘पोकरा’ प्रकल्पात हिंगोलीचाही समावेश आहे. अडचण ज्ञानाची कमी, शेजाऱ्याची जास्त. माझ्या शेतातून काढलेले पाणी तुमच्या बांधावर जाते. चर एकट्याने काढून भागत नाही. पाणलोटातल्या सगळ्यांनी मिळून काढावा लागतो, आणि बांधावरून भांडणे न करता तो काढणे हे वायुमंडलाच्या भौतिकशास्त्राहून अवघड काम आहे.

हे आरोग्याचेही पान आहे, म्हणून शरीराबद्दल थोडे. माणसाचे शरीर ३७ अंशांच्या आसपासच नीट चालते आणि बाहेरची हवा त्याहून गरम झाली की उष्णता बाहेर टाकायला घाम हाच एक मार्ग उरतो. घाम निथळून उपयोग नाही, तो उडून गेला पाहिजे. हवेत बाष्प जास्त असेल तर तो उडत नाही. म्हणून मेमधल्या कोरड्या ४३ अंशांइतकेच जूनच्या तोंडचे दमट ३८ अंशही जिवावर बेतू शकतात, आणि ऐन लागवडीची मजुरी नेमकी तेव्हा असते. दुसरे असे की, हरितगृह परिणाम रात्रीही सुटी घेत नाही. पत्र्याच्या घरात रात्री तापमान उतरलेच नाही तर हृदयाला आणि मूत्रपिंडाला विसावा मिळत नाही. उष्णतेच्या लाटेत माणसे अनेकदा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दगावतात ती यामुळे.

चक्कर, मळमळ, पेटके इथवर सावली, पाणी आणि मीठ-साखरेचे पाणी पुरते. माणूस असंबद्ध बोलू लागला, अंग चटका बसेल इतके तापले, शुद्ध हरपू लागली तर तो उष्माघात. अशा वेळी १०८ला फोन लावा, पण गाडी येईपर्यंत थांबू नका. सावलीत घ्या, कपडे सैल करा, अंगावर सतत पाणी ओता, वारा घाला. आधी थंड करणे, मग हलवणे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका. तापाची गोळी इथे काम करत नाही, कारण हा ताप शरीराने स्वतःच्या नियंत्रणाने चढवलेला नसून साचलेल्या उष्णतेचा असतो. २०१०च्या मेमधल्या लाटेत अहमदाबादेत नेहमीपेक्षा तेराशेहून जास्त मृत्यू झाले, तेव्हा त्या शहराने २०१३मध्ये उष्णतेचा कृती आराखडा केला. असे आराखडे आता अनेक शहरांत आहेत. शेतमजुराच्या कामाचे तास कोण बदलणार, हे मात्र त्यांतल्या थोड्यांनाच सुचते.

यात आपला वाटा किती? एका भारतीयामागे इंधन जाळून वर्षाला सुमारे २ टन कार्बन डायऑक्साइड निघतो, जगाची सरासरी ५ टनांच्या जरा खाली आणि अमेरिकेची १४च्या आसपास. सेनगाव किंवा कळमनुरीच्या कोरडवाहू शेतकऱ्याचा वाटा भारतीय सरासरीच्याही खाली असणार. त्याने जग तापवले, असे म्हणणे अन्यायाचे होईल. तरी एक गोष्ट आपल्या हातातली आहे, युरिया. शेतात टाकलेल्या नत्रातला सुमारे एक टक्का नायट्रस ऑक्साइड होऊन उडतो असे जागतिक हिशेबात धरतात, आणि हा वायू शंभर वर्षांच्या मापाने कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट तापवतो. ४५ किलोच्या एका गोणीमागे हे सुमारे ९० किलो कार्बन डायऑक्साइडइतके झाले. म्हणजे तीसेक लिटर डिझेल. पाणी साचलेल्या जमिनीत जिवाणू हे काम आणखी जोरात करतात. साचलेल्या वावरात पीक पिवळे पडले म्हणून जो युरिया फेकला जातो, तो पिकाला थोडा आणि आभाळाला जास्त मिळतो. तो वाचवण्यात शेतकऱ्याचा खिसा आधी वाचतो.

सौर पंपांचेही असेच. रात्री-अपरात्री मोटार सुरू करायला जाताना साप चावण्याचा धोका टळतो, हे मोठे काम. पण ऊन फुकट आहे म्हणून पंप दिवसभर चालला, तर भूजल आटायला तोच पंप हातभार लावेल.

शेवटचा मुद्दा मोजणीचा. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला की अतिवृष्टी मानतात. हा निकष सकाळ ते सकाळ एकूण पाणी मोजतो, त्याचा वेग मोजत नाही. दिवसभर रिमझिम पडलेले ६६ मिलिमीटर अतिवृष्टीत बसतात. एका तासात कोसळलेले ६४ बसत नाहीत, जरी माती वाहून नेली ती त्या ६४ने असली तरी. शिवाय मंडळातले केंद्र एका गावात आणि ढग दुसऱ्या गावावर फुटतो. त्यातच २०२५च्या खरिपापासून एक रुपयातला पीकविमा बंद झाला आणि भरपाई पीक कापणी प्रयोगातून निघणाऱ्या उत्पादनाच्या सरासरीवर आली. म्हणजे एका वावरातला तडाखा मंडळाच्या सरासरीत विरून जाण्याची शक्यता वाढली. स्वयंचलित केंद्रे काही मिनिटांच्या अंतराने नोंद घेतात, तेव्हा तासाचा पाऊस मोजणे तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. केंद्राच्या ‘विंड्स’ योजनेत ग्रामपंचायत पातळीवर पर्जन्यमापक बसवायचे आहेत. ते बसतील तेव्हा त्यांची तासातासाची नोंद ग्रामपंचायतीच्या फलकावर रोज लागावी आणि पंचनाम्यात ती ग्राह्य धरावी, ही मागणी ग्रामसभेच्या ठरावात आजही घेता येईल. मेमध्ये हळदीची लागवड सुरू होईल, त्याआधी एक ग्रामसभा आहेच.